दोन्हीकडून

लेकीच्या अंगणात बोअर मारणं चालू होतं. आज पाणी लागलं नाही, तर तिला हे घर सोडावं लागणार होतं. म्हणून म्हातारा ड्रिलवाला स्वतः मशीनपाशी उभा होता.

चाळीस वर्षं त्याने दगडाशी डोकं फोडलं होतं. ड्रिलच्या टोकाला असलेल्या बिटाचा दात रुततो, त्याच्याखाली खडकाचं पीठ होतं, तडा बाजूला पळतो आणि दोन दातांमधली कपची उडते. वर आलेली कपची तो अंगठ्याने चाचपायचा. एका अंगाला दाताची खूण, दुसरं अंग कोरं.

दुपारपासून येणाऱ्या कपच्यांना दोन्ही अंगांना खुणा होत्या.

"दाजी, खालून कुणी मदत करतंय की काय?" मशीन चालवणारा त्याचा मेहुणा हसला.

म्हातारा हसला नाही. खालच्या अंगाच्या खुणा बारीक होत्या, दाट होत्या. त्याच्या बिटाच्या नव्हत्या.

"बंद कर."

इंजिन थांबलं. त्याने पाइपावर तळहात टेकला. पाइप सावकाश, एका लयीत थरथरत होता.

"बाबा, अजून बरंच राहिलंय का हो?" लेकीने दारातून विचारलं.

त्याने शेवटची कपची उन्हात धरली. दुपारच्या कपच्या बोटभर जाड होत्या; ही कागदाइतकी पातळ होती.

"नाही गं," तो म्हणाला. "तू जरा घरात जा."