वर, टेबलापाशी

"खाली फाटकाशी थांबू नका, वर माझ्या टेबलापाशी या," असं बायको त्याला रोज बजावायची. गुडघे कुरकुरायचे, तरी तो छापखान्याचे दोन जिने चढायचा. "या वयात नवरा मिरवायची हौस बघा," म्हणून तिला चिडवायचा. मालक स्वतः केबिनमधून बाहेर येऊन त्याला खुर्ची द्यायचे, चहा सांगायचे.

ती गेल्यावर महिन्याभराने तो तिचा डबा आणि चपला न्यायला गेला. शेजारच्या टेबलावर पुस्तकं शिवणाऱ्या मुलीने सामान पिशवीत भरलं, पण पिशवी काही तिच्या हातातून सुटेना.

"भाऊजी, सुटायच्या वेळी रोज याल का? वर, माझ्या टेबलापाशी. तुम्ही बसलेले असलात की मालक केबिनमध्ये बोलवायचे नाहीत. ताईंनाही नाही अन् मलाही नाही."

तो त्याच खुर्चीत बसला. "मला कधी बोलली नाही ती."

"रोज ठरवायच्या," मुलगी हळूच म्हणाली. "पण जिना उतरता उतरताच तुमचं सुरू व्हायचं म्हणे, तुझे मालक म्हणजे देवमाणूस."