आठशे बारा जणींची मापं

भाच्याच्या पदरात पडणार होतं ते असं: कपड्यांच्या मोठ्या कंपनीत नोकरी, काचेची केबिन आणि दुप्पट पगार. बदल्यात द्यायची होती फक्त मावशीच्या शिवणदुकानातल्या आठशे बारा बायकांची मापं. मापांचं ॲप त्यानंच बनवलेलं.

"मग काढ की बाहेर," कंपनीचे साहेब दुकानातल्या कापडाच्या गठ्ठ्यावर बसत म्हणाले.

"माझ्याकडे नाहीत, साहेब. जिचं माप तिच्याच फोनमध्ये, तिच्या कुलपात. कपडा शिवायला टाकला की ती दुकानाला उघडून देते. कपडा घरी गेला की बंद."

"पण बनवलंस तू. एखादी चोरकिल्ली ठेवली असशीलच."

"नाही ठेवली."

"तू हुशार आहेस असं ऐकलं होतं," साहेब म्हणाले. मग त्यांनीच बायकांना धाडायचा निरोप सांगितला: 'अधिक चांगल्या सेवेसाठी परवानगी द्या.' खाली हिरवं बटण. "वाचतंय कोण? दाबतील."

दाबतील, हे भाच्यालाही ठाऊक होतं. दुकानाचा निरोप म्हटल्यावर डोळे मिटून दाबतील. त्यांतल्याच एका बाईचं ऑपरेशन झालं होतं. तिच्या ब्लाउजला आतून एकाच बाजूला गादी शिवताना मावशीनं त्यालासुद्धा बाहेर काढून दार लावून घेतलं होतं.

त्यानं साहेबांचं वाक्य खोडलं आणि लिहिलं: 'तुमचं माप एका कंपनीला हवं आहे. ते दिलं तर मला नोकरी मिळेल. द्यायचं असेल तरच दाबा.'

"अरे, असं विचारल्यावर देईल कोण?"

"जिला द्यायचं ती."

निरोप गेलासुद्धा. मशीनवरची मान वर न करता मावशी म्हणाली, "साहेब, उठा बघू. तो गठ्ठा गिऱ्हाइकाचा आहे."

साहेबांनी दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंतची मुदत दिली. तोवर नकारांचा नुसता पाऊस पडला. एकीनं लिहिलं, 'माझी कंबर नवऱ्याला माहीत नाही, कंपनीला कशाला?' दुसरीनं आधी त्याचंच माप मागितलं.

मुदत संपता संपता एक परवानगी आली. भाच्यानं नाव वाचलं आणि मागे वळून पाहिलं.

"मावशी, तू?"

"मग काय! एवढं सरळ विचारलंस. कोणीच हो म्हटलं नाही तर बरं दिसतं का?" मावशीनं दातांनी दोरा तोडला.

आठशे अकरा जणींचं काही गेलं नाही. भाच्याची नोकरी गेली आणि मावशीची कंबर.