दुसऱ्या ट्रेमधला काप

टेबलावर दोन ट्रे होते. प्रत्येकात ब्रिस्केटचे, म्हणजे धुरावर भाजलेल्या गोमांसाचे, बावीस काप, एकेक काप पेन्सिलीइतका जाड. खाणारी माणसं अकरा. ट्रेंवर खडूने एक आणि दोन एवढंच लिहिलेलं. शेजारी बटाट्याचं सॅलड, मक्याचा पाव, घेवड्याचं मोठं पातेलं आणि पीचचं गरम कॉबलर. त्यांच्यावर मत द्यायचं नव्हतं. ते सगळं आर्लीन गॅटलिनने केलं होतं आणि तिच्यासमोर उभं राहायची कुणाची छाती नव्हती.

मांस मात्र दोघांचं होतं. एक तिच्या नवऱ्याचं, एक तिच्या मुलीचं.

चर्चला ऑक्टोबरमध्ये शंभर वर्षं होणार होती. चारशे माणसांचं जेवण. चाळीस वर्षं अशी सगळी जेवणं थेरन गॅटलिनच्या भट्टीवर झाली होती. या वर्षी त्याच्या मुलीने, डेल्फीनने, त्या कामासाठी स्वतःचं नाव दिलं.

"जिंकले तर इथेच भट्टी घालीन," तिने घरी सांगितलं होतं. "हरले तर सोमवारी डॅलस. तिथलं हॉटेल माझ्यासाठी जागा धरून आहे."

"मग मी नाव मागे घेतो की," थेरन म्हणाला.

"दान नकोय मला, डॅडी. हरवून घेईन."

थेरनला ती जायला नको होती. आपलं मांस तासभर आधीच भट्टीतून काढावं, जरा चिवट राहू द्यावं, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. हातांनी ऐकलं नाही. आता त्याच्या हातात उरलं होतं एक मत. स्वयंपाक करणाऱ्यांनाही मत द्यायचा हक्क होता. जो खाईल तो मत देईल, अशी चर्चची जुनी रीत.

समितीचे प्रमुख ब्रदर पर्विस यांनी मांस आदल्या संध्याकाळीच ताब्यात घेऊन गरम कपाटात ठेवलं होतं. सकाळी त्यांनीच कापलं. कुणाचा ट्रे कुठला, ते त्यांच्या पत्नीने चिठ्ठीवर लिहून पाकिटात बंद केलं होतं.

"थेरन, टाय कशाला?" पर्विस म्हणाले. "कुणाच्या मयतीला आलास?"

"तुमच्या जिभेच्या. चाळीस वर्षं माझं खाऊनही मेली शहाणी झाली नाही."

सगळे हसले. थेरनने दोनदा अंघोळ केली होती, शर्ट नवा होता. त्याच्या अंगाला ओकच्या धुराचा वास नाही, असं आज बहुधा पहिल्यांदाच घडत होतं. चौदा तास धुरात बसलं की नाकाला धूर कळेनासा होतो. म्हणून जेवणाच्या दिवशी थेरन स्वतः उकडलेली अंडी खायचा. मांस झालं की नाही, ते तो बोट टेकवून ओळखायचा. दुसऱ्या दिवशी चाखायला कधी काही उरलं नाही.

आज बोट लावायला बंदी होती. काटा घ्यायचा आणि खायचं.

त्याने पहिल्या ट्रेमधला काप खाल्ला. चांगला होता. मिरीचा झणका, धूर नेमका, चरबी बरीचशी विरघळलेली. सरळ, इमानी काम. घरी आर्लीन त्याच्या मांसाला म्हणायची, "नेहमीसारखं झालंय." हे तसंच होतं.

मग त्याने दुसऱ्या ट्रेमधला काप उचलला. काट्यावर तो मधोमध वाकला, पण तुटला नाही. तोंडात आधी काळ्या कडेचा कुरकुरीतपणा आला, मग मीठ, आणि मग चरबी लोण्यासारखी पसरली. धूर सगळ्यात शेवटी आला आणि घास गिळल्यावरही राहिला. थेरनने काटा खाली ठेवला. घाई करणाऱ्याच्या हातून असं होत नाही, हे त्याला ठाऊक होतं. लाकूड किती वेळा हलवलं असेल, याचा त्याने मनात हिशेब केला. बहुतेक एकदाही नाही.

"काय झालं?" आर्लीनने हळूच विचारलं.

"पोरगी माझ्या पुढे गेली गं."

"कशावरून?"

"दुसरा खाल्लास ना? मला जन्मात असं जमलं नाही."

आर्लीनने त्याच्याकडे पाहिलं. "तुला नक्की माहितेय?"

"स्वतःचं काम मला कळत नाही होय?"

ती आणखी काही बोलणार होती, पण पर्विसनी मत द्यायला हाक मारली. कॉफीचे दोन रिकामे डबे, एकेका ट्रेसाठी एकेक. प्रत्येकाने अक्रोडासारखा एक पेकान टाकायचा. थेरनने आपला पेकान दुसऱ्या डब्यात टाकला.

डेल्फीन खिडकीपाशी हाताची घडी घालून उभी होती. तो तिच्याजवळ गेला.

"भट्टीच्या विटा माझ्याकडून."

"अजून मोजलं कुठे, डॅडी?"

"मोजायचंय काय त्यात? धुराड्याची बाजू तेवढी उत्तरेला ठेव."

ती पहिल्यांदा हसली. "तुम्ही सांगितल्यावर दक्षिणेलाच ठेवीन."

पर्विसनी डबे टेबलावर उपडे केले, पेकान बोटाने एकेक सरकवत मोजले, पुन्हा एकदा मोजले. मग पाकीट फाडलं आणि चष्मा लावून वाचलं.

"ट्रे एक, डेल्फीन गॅटलिन, पाच. ट्रे दोन, थेरन गॅटलिन, सहा."