अर्धी नाळ

"अर्धी नाळ कुठं गेली?"

मडक्यावरचं फडकं उचलून खैरुनबीनं आया रुक्माबाईला विचारलं. महाराष्ट्र राज्य नवं झालं, तरी दिग्रसच्या त्या बाळंतपणाच्या दवाखान्यातली रीत जुनीच होती. वार आणि नाळ मडक्यात घालून घरच्यांच्या हवाली करायची, ज्याची त्यानं आपल्या अंगणात पुरायची. आणि खैरुनबीला, गादीवाल्या जफरच्या आईला, फसवणं काय सोपं होतं? कापूस पिंजता पिंजता तिनं अख्खं गाव पिंजून ठेवलेलं.

रुक्माबाईनं नुसतं मागच्या खोलीकडे बोट दाखवलं.

खैरुनबी मडकं घेऊन तरातरा निघाली. तिची सून रौशन हिची पहिली दोन्ही लेकरं पोटातच गेली होती. दोन्ही खेपांना सुईणीनं नाळ नाल्यात टाकून दिली, म्हणूनच घराला लेकरू लाभत नाही, असं खैरुनबीच्या मनानं घेतलेलं. आज सकाळी नात झाली. जिवंत! रडलीही अशी, की बाजारातल्या कापसाच्या जिनिंगपर्यंत ऐकू जावं. आता या पोरीची नाळ अख्खीच्या अख्खी उंबऱ्याशी पुरायची, मग कोणी आडवं येवो.

खोलीत डॉक्टरीण बेबीताई एका काचेच्या भांड्यावर वाकली होती. आर्णीच्या रामरावांची ही लेक नागपूरला शिकून आली, पण बोली गावचीच राहिली.

"बेबीताई, मही अमानत तुमच्यापाशी हाये म्हणे."

बेबीताई चपापली. "चुकलं मावशी. इचारून घ्यायले पायजे होतं. वाटलं, तुम्ही नाही म्हणान."

"म्हटलंच असतं! इतक्या शिकल्या, अन् हात मारला तं नाळीवर?"

बोलता बोलता तिची नजर भांड्यावर गेली. भांड्यातल्या कोमट पाण्यात एक बारीकसा तुकडा दोऱ्यानं टांगलेला होता. दोऱ्याला एक हलकी काडी बांधलेली, आणि काडीचं टोक काजळी धरलेल्या कागदावर टेकलेलं. कागद एका नळकांड्याभोवती गुंडाळलेला, नळकांड्याबरोबर हळूहळू फिरत होता.

"हे काय लावलं बाप्पा?"

"नाळीतली रक्ताची नस हाये. अजून जिती हाये. पाहा, कशी आखडून बसली."

बेबीताईनं पाण्यात औषधाचे थेंब सोडले. दोघी बघत राहिल्या.

"काही होऊन नाही राह्यलं," खैरुनबी म्हणाली.

"दम धरा न जरासा."

आणि काडी हलली. एकदम नाही, हळूहळू उतरायला लागली. काजळीवर पांढरी रेघ खाली खाली जात राहिली.

"सुटली वो! आमच्या जुन्या गादीतल्या कापसावानी सुटली."

"नस आखडली का पोटातल्या लेकराले रक्त पुरत नाही. रौशनच्या दोघांईचं तसंच झालं असन. कोणतं औषध नस सैल करते, थेच पाहून राह्यली."

"मंग तवा काहून नाही देल्लं?"

"आजबी नाही देता येत, मावशी. पोटातल्या लेकराले मानवते का नाही, कोणालेच ठाऊक नाही. होईन कधीतरी ठाऊक."

खैरुनबीनं मडकं खाली ठेवलं. नाळ आपण नाल्यात जाऊ दिली म्हणून घराला लेकरू लाभलं नाही, असा बोल ती स्वतःला लावत आली होती. आज तो बोल जरा हलका झाला. पदरानं डोळे पुसले तरी पाणी थांबेना.

बेबीताईनं नाळेचा उरलेला भाग फडक्यात घालून पुढं केला. "घ्या. घरी पुरा."

"अजून औषधं पाहाची हायेत का?"

"लय हायेत."

"मंग राहू द्या थो तुकडा. काम झालं का इथंच पुरजा, दवाखान्याच्या दारात. खोल पुरजा बरं, कुत्रं उकरन."

मडकं कडेवर घेऊन ती दारापर्यंत गेली आणि वळली.

"जिथं नाळ पुरली तिथं माणसाचा जीव ओढते म्हणतात. ओढू द्या मह्या नातीले इकडं. तुमच्यानं हे काम पुरं नाही झालं, तं थे करन."