लहान पडलेलं हेल्मेट

हेल्मेट नम्रताच्या कपाळापर्यंत आलं आणि अडकलं. तिने दोन्ही हातांनी दाबून पाहिलं, मान तिरकी करून पाहिलं, शेवटी अंबाडा सोडला. हेल्मेट काही खाली सरकेना.

"बाबा, परत लहान झालं हो."

"अरे देवा!" भिवा म्हणाला, आणि त्याने चेहरा शक्य तेवढा पाडला.

चाळीच्या नाटकात त्याला आयुष्यभर पडदा ओढायचंच काम मिळालं होतं. पण हे एक सोंग आताशा बरं वठायला लागलं होतं. हेल्मेट लहान होणार, हे त्याला ठाऊक होतं. नम्रताने बजावलं होतं, "प्रिंटवाल्याला सांगा, मूळ मापातच काढ." आणि भिवाने त्याला सांगितलं होतं, "पानात बसेल असं काढ रे. चारी बाजूंनी जरा जागा सोड." तेवढ्याने सगळे तुकडे बारीक होतात. पहिल्यांदा ही चूक खरीच झाली होती. नंतरच्या मुद्दामच्या.

चिलखत होतं अंतराळातल्या सैनिकाचं. जाड कागदावर साचे छापायचे, कापायचे, तुटक रेषेवर घडी आत, अखंड रेषेवर बाहेर, मग आकडे जुळवून चिकटवायचे. सगळं जमलं की कागद कडक व्हायला वर राळ, मग रंग. दादरच्या एका हॉलमध्ये असल्या पोशाखांची स्पर्धा होती, नम्रताला त्यात उतरायचं होतं. वडाळ्याला तिच्या सासरी पुठ्ठा पसरायचा तर कुणाला तरी उठून उभं राहावं लागलं असतं. म्हणून दर शनिवारी ती लालबागला बापाकडे यायची.

आणि हेच तर भिवाला हवं होतं. बायको, कौसल्या, गेल्यापासून खोलीत बोलायला माणूस नव्हतं. पूर्वी नम्रता सणासुदीला यायची, उभ्याउभ्या चहा घ्यायची आणि पळायची. चिलखत निघाल्यापासून ती सकाळी यायची ती दिवेलागणीपर्यंत हलायची नाही. येताना बांगडे आणायची. भिवा तिरफळं घालून त्यांचं झणझणीत तिखलं करायचा, आणि जेवताना ती ऑफिसातल्या एकेकाची नक्कल करून त्याला ठसका लागेपर्यंत हसवायची. चिलखत पुरं झालं की हे सगळं बंद. म्हणून डाव्या खांद्याचा तुकडा उजव्याला चिकटायचा, एखादा गुडघा केरात जायचा. पोटच्या पोरीशी लबाडी करतोय याची भिवाला लाज वाटायची. फक्त शनिवार उजाडला की वाटेनाशी व्हायची.

नम्रता मात्र कधी चिडली नाही. धांदरटपणा तिच्यातही होताच. एकदा तिने अख्खी पाठ पातळ कागदावर छापून आणली. राळ लावताच ती पापडासारखी वाकडी झाली. बापावर गेली, भिवा मनात म्हणाला होता.

शेजारच्या नलूवहिनी दारातून डोकावल्या. "भावजीनू, चंद्रार कधी जातास?"

"डोक्यात टोपी बसल्याशिवाय सोडत नाय म्हणतत!" भिवा म्हणाला.

"हसतास काय? पोरगी किती मरता त्याच्यापायी. स्पर्धा कधी गो तुझी?"

"पुढच्या रविवारी, काकी," नम्रता म्हणाली. तिने हेल्मेट मांडीवर घेतलं आणि त्यावरून हात फिरवला. "पण आता कसलं होतंय. जाऊ दे बाबा, पुढच्या वर्षी बघू."

एवढ्या हळू आवाजात म्हणाली, की भिवाचा पाडलेला चेहरा आता खराच पडला. आपल्या एकटेपणापायी पोरीची हौस मारली, असं त्याला वाटलं. ती गेल्यावरही ते वाटणं जाईना.

सोमवारी तो प्रिंटवाल्याकडे गेला. "मूळ मापात. एक रेघ कमी झाली तर पैसे देणार नाही." आठवडाभर तो मान मोडून बसला. खांदे सोडवून जागच्या जागी लावले, गुडघा नवा केला, पाठ बदलली. राळ लावली, रंग दिला. एवढ्या निगुतीने त्याने स्वतःच्या लग्नाची पत्रिकाही वाटली नव्हती.

शनिवारी हेल्मेट नम्रताच्या डोक्यात अलगद बसलं. तिने ते काढलं तेव्हा तिचा चेहरा क्षणभर उतरलेला दिसला. आनंदाने बावरली असेल.

"झालं की हो. तुम्ही एकट्याने केलंत सगळं?"

"उद्या स्पर्धा ना तुझी."

"हो. उद्याच." तिने सगळं मोठ्या पिशवीत भरलं.

"मी येऊ बघायला?"

"नको बाबा, जिने आहेत तिथे. तुमचे गुडघे दुखतील. मी फोन करते."

ती गेल्यावर भिवाने कागदाचे कपटे झाडले. खोली एकदम मोठी झाली. त्याला फार एकटं वाटलं, आणि बरंही वाटलं.

पण रविवारी राहवेना. पोरगी मंचावर चढताना लांबून तरी बघू, म्हणून धुवट सदरा घालून तो बसने दादरला उतरला. नम्रताने सांगितलेल्या हॉलच्या दाराशी सनई वाजत होती. एका बाईने त्याच्यावर गुलाबपाणी शिंपडलं आणि विचारलं, "मुलीकडचे की मुलाकडचे?"

"मुलीकडचा," भिवा गोंधळून म्हणाला. "म्हणजे, स्पर्धेला आलोय. चिलखतांच्या."

तिने हॉलच्या व्यवस्थापकाला बोलावलं. "काका, आज लग्न आहे," तो म्हणाला. "आणि असली स्पर्धा इथे कधी झालेलीच नाही. लग्न-मुंजीशिवाय आम्ही हॉल देतच नाही."

आपण चुकीच्या हॉलवर आलो, भिवाला वाटलं. त्याने बाजूला होऊन फोन लावला.

"नमू, कुठे आहेस गं? स्पर्धेचं काय झालं?"

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"बाबा, काय सांगू तुम्हाला!" नम्रता म्हणाली. "आत्ताच स्टेजवरून उतरले. हेल्मेट फुटलं, दोन्ही खांदे निखळले, पाठ तर मधोमध फाटली. सगळं पहिल्यापासून करावं लागणार. शनिवारी लवकरच येते."