मेंढपाळीण कुणाच्या वाट्याला

“कापू या मग,” ओडील म्हणाली. “मेंढपाळीण मला, बासरीवाला तुला. मेंढ्या नीट मोजून घे हं, नाहीतर म्हणशील बहिणीने एक लांबवली.”

सोलांजने हातातला कॉफीचा कप खाली ठेवला. समोरच्या भिंतीवर तो विणलेला पट टांगलेला होता. झाडाखाली बसलेली मेंढपाळीण, तिच्याकडे बघत बासरी वाजवणारा पोरगा, भोवती चरणाऱ्या मेंढ्या. राजेशाहीच्या काळातला, असं घरात सगळे सांगत आले होते. अख्खं ओब्यूसाँ गाव असले पट विणून जगलं. आईसुद्धा जन्मभर मागावर बसली.

त्या आईला पुरून आठवडाही झाला नव्हता. घर आणि पट, दोन्हींत दोघी बहिणींचा निम्मा-निम्मा वाटा. ओडीलला सगळंच विकायचं होतं. सोलांजला फक्त घर हवं होतं. लग्न नाही, मूल नाही. आईचं दुखणंखुपणं काढता काढता केस पिकले. आता या वयात बाईने जायचं तरी कुठे?

“घर तेवढं राहू दे गं,” ती म्हणाली.

“का म्हणून? इतकी वर्षं फुकट राहिलीस, ते पुरे नाही झालं?” ओडील पॅरिसमध्ये दातांची डॉक्टर होती, आणि बोलायची तीसुद्धा दाढ उपटल्यासारखी. “मी या घराची दमडी घेतली नाही, कळलं? पाद्रीबाबांनी मिळवून दिलेल्या शिष्यवृत्तीवर शिकले. स्वतःच्या हुशारीवर! तुझ्यासारखी आईच्या पदराला धरून नाही बसले.”

सोलांजच्या मस्तकात तिडीक गेली. पण ओठांवर आलेलं तिने कॉफीच्या घोटाबरोबर गिळलं.

“बाईसाहेब, असले पट कापत नाहीत हो,” वाटणीचे कागद घेऊन बसलेले नोटरी शाब्रोल चाचरत म्हणाले.

“या गावात? इथे दाराच्या आड येतो म्हणून लोकांनी पट फाडलेत, नोटरीसाहेब!” ओडीलने खिडकीतली आईची मोठी कात्री उचलली. खुर्ची ओढून वर चढली आणि पटाच्या काठाला पातं लावलं.

सोलांज ताडकन उठली.

“थांब! हात जोडते तुला. अगं, आईचा जीव होता त्यात!”

“मग मोज ना किंमत.”

“अख्खा घेऊन जा. माझा वाटाही तुझा. मला फक्त घर लिहून दे. पण कात्री लावू नकोस.”

ओडील लगेच खाली उतरली. चेहऱ्यावरून कळत होतं, सकाळपासून हेच ऐकायला ती टपून बसली होती.

“विचार करा,” शाब्रोल कागद पुढे सरकवत म्हणाले. “एकदा सही झाली की माघार नाही. मागाहून कुणी कुणावर दावा करायचा नाही.”

“ते तिला सांगा. रडत येईल ती,” असं म्हणून ओडीलने आधी सही ठोकली.

पट गुंडाळून गाडीत गेला. निघताना ओडीलने काच खाली केली. “पॅरिसचा व्यापारी नुसता फोटो बघून वेडा झालाय. तुझ्या गळक्या घराला कुत्रं विचारणार नाही. लहानपणापासून बावळट ती बावळटच!”

गाडी पूल ओलांडून दिसेनाशी झाली. शाब्रोलनी कपाळावर हात मारला. “काय केलंत हे, सोलांजबाई? सोनं देऊन माती घेतलीत.”

“असू द्या. कात्री लागली नाही ना, मग झालं.”

ते गेल्यावर तिने दाराला कडी घातली आणि माडीवर आईच्या मागाशी गेली. मागाखालच्या टोपलीत उरलेली लोकर होती. मेंढपाळिणीच्या घागऱ्याची गुलाबी, झाडाची हिरवी. शिवाय उभ्या धाग्यांसाठी आणलेल्या पांढऱ्या सुताचा गुंडा. जुन्या पटांत उभा धागाही लोकरीचाच असे. कापलेल्या कडेला हे सूत दिसलं असतं, तर ओब्यूसाँचं शेंबडं पोरही हसलं असतं.

तिने टोपली शेगडीत रिकामी केली आणि काडी ओढली.

अस्सल पट आईने केव्हाच विकला होता. पैसे गुपचूप पाद्रीबाबांच्या हातात ठेवले आणि म्हणाली, “ओडीलला सांगा, शिष्यवृत्ती मिळाली.”