खुशाली

थोरला वडिलांच्या देशाकडून रग्बी खेळायचा, धाकटा आईच्या. संघ वेगळे झाले तसे दोघं एकमेकांशी बोलेनासेच झाले होते. उद्या पहिल्यांदाच समोरासमोर येणार होते, म्हणून आई दोन्ही संघांच्या जर्सी मधोमध कापून त्यांची एक शिवत बसली होती. कुणाचा रुसवा नको!

तेवढ्यात थोरल्याचा फोन आला. "आई, धाकट्याचा खांदा कसा आहे गं?"

आईचा ऊर भरून आला. शेवटी पाठचा भाऊ तो! "दुखतोय रे अजून. कुणाला सांगत नाही, पण परवा मला म्हणाला, हात वर जात नाही."

"कुठला? डावा की उजवा?"

"डावा."

"डावा," थोरला म्हणाला. पण तिला नाही, खोलीतल्या दुसऱ्याच कुणाला तरी. आणि फोन ठेवून दिला.

सुई तशीच कापडात सोडून तिने धाकट्याला सावध करायला घाईघाईने फोन लावला.



"बरं झालं, तूच फोन केलास. आई, दादाचा दुखरा गुडघा कुठला गं? डावा की उजवा?"